भाभीची कांजी आन् माझं मीठ

"एक दिवस रोजा धरून दाखव, मंग बोल!" असं सम्या म्हणाला, आन् मी "धरतो!" म्हणलो. बास. तिथंच माझं वाटोळं झालं. तुमी चहा घ्या, गार होईल. मी सांगतो सगळं. पण मधी हसायचं न्हाई हां, आधीच सांगून ठेवतो. तुमाला गंमत वाटंल, पण माझा जीव जायची पाळी आलती.

सम्या म्हंजे समीर, भोरातला माझा दोस्त. मी मूळचा पासलीच्या वरल्या वस्तीवरला, मेंढरांच्या घरातला. दहावीला गणितानं दोनदा लोळवला, म्हणून आयबापानं भोरला मामाकडं टाकलाय, तिसऱ्यांदा बसायला. अभ्यास सोडला तर बाकी सगळं येतं मला. मास्तरच्या गाडीच्या सीटवर डिंक, वर्गात बेडूक, मामाच्या तपकिरीत मिरचीपूड. आता गल्लीत कुणाला साधी शिंक आली तरी लोक आधी माझ्याकडं बघतात!

तर शिमग्याच्या तोंडावरचं ऊन हुतं. रमजान चालू. एसटी स्टँडाच्या कट्ट्यावर आमी दोघं. माझ्या हातात वडापाव आन् सम्या रोज्यात. म्या मुद्दाम त्याच्या नाकाखालनं तळलेली मिरची फिरवली.

"खा की लेका, कोण बघतंय हितं?"

"कुणी बघायला कशाला पाहिजे? तुला न्हाई कळायचं ते. तुला दोन तास दम निघत न्हाई."

"मला? आरं आमी दिवसदिवस मेंढरांमागं हिंडणारी माणसं! एकादशी करतो, चतुर्थी करतो, शिवरात्र करतो..."

"एकादशी!" सम्या असा हसला की शेजारचा कंडक्टर बघाया लागला. "साबुदाणा, रताळी, केळी, शेंगदाण्याचा लाडू! त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त हाणता की रं तुमी! हितं पाणी बी न्हाई. पहाटपास्नं दिवस बुडस्तवर. धरतोस एक?"

आता शहाणा माणूस काय म्हणला असता? "न्हाई बाबा." मी काय म्हणलो, ते आधीच सांगितलं.

मला वाटलं, गोष्ट आमच्या दोघांत ऱ्हाईल. कसली ऱ्हातीया! त्यानं घरी जाऊन सांगितलं. त्याच्या घरात दादींचं राज्य. दादी म्हंजे त्याच्या बापाची आई. दादींनी दोन्ही हात वर केलं म्हणे. "संतोष रोजा धरतोय? त्या कार्ट्याला अक्कल आली? उद्या रोजा आपल्याकडंच सोडायचा. पोराचा पहिला रोजा, हार आणा! गल्लीतल्या सगळ्यांला सांगा, आपापल्या मुलखाचं कायतरी करून आणा!"

त्यांच्यात बारक्या पोरानं पहिला रोजा धरला की हार घालून कौतुक करत्यात. बारकं पोर म्हंजे सात-आठ वर्षांचं. मला मिशी फुटलीया! पण दादींपुढं कोण बोलणार?

आन् गल्ली तरी कसली! भोर दिसायला एवढंसं, पण तेवढ्या एका गल्लीत सगळा देश नांदतोय. कोपऱ्यावर महाडाकडनं घाट चढून आलेलं कोकणी घर. त्यांची सांदणं, तांदळाची, वाफवलेली, नारळाच्या दुधात बुडवून खायची. समोर बिहारचा टेलर. त्याच्या घरची घुगनी, काळ्या हरभऱ्याची, वर कच्चा कांदा आन् लिंबू. सम्याच्या घरची मुगाची भजी आन् गुलगुले. आन् त्या वर्षी नवीन म्हंजे फसीला भाभी.

फसीला भाभी सम्याच्या थोरल्या भावाची, इरफानभाईची बायको. केरळची. पुण्यात दवाखान्यात नर्स हाय. इरफानभाईनं दादींना न इचारता लगीन केलं, आन् रमजानची सुट्टी काढून भाभी पहिल्यांदा सासरी आलत्या. दादी भांडल्या न्हाईत, रागावल्या बी न्हाईत. नुसतं रोजा सोडताना भाभींनी ताट आणलं की म्हणायच्या, "पोट भरलंय." पाण्याचा तांब्या आणला की, "आत्ताच प्याले." आठ दिवसांत त्यांनी सुनेच्या हातचा एक घास खाल्ला नव्हता. असलं गप ऱ्हाणं लई वाईट वो. त्यापरीस दोन शिव्या बऱ्या.

सगळ्यांनी आपापलं करायचं म्हणल्यावर भाभी म्हणाल्या, "मी कांजी करू?" सम्याची आई, म्हंजे आमची चाची, लगीच म्हणाली, "कर, कर! चार लोकांपुढं अम्मी न्हाई म्हणायच्या न्हाईत." दादींना ती अम्मी म्हणती. भाभींचं मराठी आपलं तोडकं-मोडकं. माझ्याकडं बघून हसल्या आन् म्हणाल्या, "संतोष, दादी खाल्ला, तर माझा ईद झाला."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मला तर झोपेत बी ऐकू येतंय.

दुसरा दिवस उजाडला. पहाटं मामीच्या चार भाकऱ्या उडवल्या, तांब्याभर पाणी प्यालो. म्हणलं, जिंकलो! अकराला जीभ टाळूला चिकटली. बाराला मामीनं वांग्याला फोडणी दिली, म्या भिंतीला डोकं लावलं. दोनला रेडकू पाणी पिताना बघितलं आन् मला त्या रेडकाचा हेवा वाटला! आयुष्यात एवढं खाली कधी गेलो नव्हतो. चारला म्हणलं, हितं मरण्यापेक्षा सम्याकडं जाऊन मरू, निदान चार लोक रडतील तरी.

तिथं गेलो तर काय! सैपाकघरात निस्ता घमघमाट. आन् एक नवीनच गोष्ट कळली. ह्या बाया एवढं रांधत्यात, पण चाखत न्हाईत! रोज्यात असत्यात ना. सगळं अंदाजपंचे. मंग मीठ कळायचं कसं? तर शेजारची चिंगी. सहा वर्षांची. तिला रोजा नसतो. रोज संध्याकाळी कंबरेवर हात ठेवून घराघरांत फिरायची. "ह्याच्यात कमी. ह्याच्यात बराबर. हे फेका." कलेक्टरला बी नसंल एवढा रुबाब! पण त्या दिवशी चिंगी गेलती शिरवळला, मामाकडं. म्हंजे अख्ख्या गल्लीत मीठ बघायला कुणीच न्हाई.

पाचच्या पुढं समद्या घरांतनं डबं येऊन पडलं. गडी मशिदीत गेलं, बाया आतल्या खोलीत नमाजाला. जाताजाता चाची मला म्हणाली, "संतोष, मांजर लई सोकावलंय. जरा बस हितं राखणीला."

मांजरापास्नं राखायला कुणाला बसवलं? मला!

मी डोळं मिटलं. वास कुठं मिटतोय? डोळं उघडलं. सांदण समोरच. म्हणलं, एक सांदण म्हंजे काय, कोपऱ्याचंच तर हाय. गेलं. मंग घुगनी. मंग परत घुगनी, कारण पहिली नीट कळलीच न्हाई. माझ्या आत कुणीतरी "संत्या, संत्या" म्हणून वरडत हुतं, पण त्याचं बी तोंड भरल्यालं.

मंग म्या कांजीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. आमच्याकडं कांजी म्हंजे कापडाला लावायची. ही वेगळी दिसली. पांढरी, पातळ, रव्याची. वर काजू आन् तुपात लालभडक तळलेला कांदा. म्हणलं, पेजेसारखं कायतरी तिखटमिठाचं दिसतंय. चाखली.

गोड!

कांद्याची फोडणी आन् खाली साखर! सांगा तुमी, तुमच्या बापजन्मात कुणी कांद्यात साखर घातल्याली बघितलीय? मी गारच पडलो. म्हणलं, मेली ही बया! मिठाच्या जागी साखर पडली! चाखता येत न्हाई, चिंगी शिरवळला, आन् मिठासाखरेचं डबं तर सारखेच. आता दादी पहिला घोट घेणार आन् वाटी खाली ठिवणार. भाभींची ईद तिथंच संपली!

सांगू का? जन्मात पहिल्यांदा माझ्या मनात चांगला इचार आला. म्या मिठाचा डबा काढला. एक मूठ टाकली, ढवळलं. गोडच. दुसरी टाकली. जरा बरं. म्हणलं दहा-पंधरा माणसं हायती, आन् तिसरी टाकली. तिसरीनंतर चाखायला येळच मिळाला न्हाई, पावलं वाजली. झाकण ठिवलं, तोंड पुसलं आन् मांजरावर वरडलो, "हाड्!" मांजर घरात बी नव्हतं.

दिवस बुडायला सगळी सतरंजीवर बसली. दादींनी मला शेजारी बसवलं, गळ्यात मोगऱ्याचा हार घातला. म्हणाल्या, "बघा रे! पाण्याचा थेंब न्हाई पोराच्या पोटात. ओठ बघा कसे सुकलेत." ओठांवर घुगनीचा मसाला हुता वो! सम्या माझ्याकडं असा अभिमानानं बघत हुता की मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. बांग झाली, दादींनी पहिला खजूर स्वतः न खाता माझ्या तोंडात घातला. म्या तो न चावताच गिळला.

मंग भाभींनी वाटी भरली आन् दादींपुढं धरली. चाची ओढणीचं टोक चावाय लागली. दादींनी वाटीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आन् वाटी घेतली. आठ दिवसांत पहिल्यांदा! एक घोट घेतला.

डोळं बारीक झालं. मान जरा मागं गेली. गळ्यातली शीर ताठ झाली. पण गिळला.

"अच्छी हाय," दादी म्हणाल्या.

भाभींच्या डोळ्यांत टचकन पाणी. आन् म्या कपाळावर हात मारला. मनातच. कारण मला बी वाटी आली हुती, आन् म्या बी घोट घेतला हुता. समुद्र हो! निस्ता हरिहरेश्वरचा समुद्र, वर कांदा!

दादी "अच्छी हाय" म्हणल्यावर कोण बोलणार? महाडच्या चाचींना ठसका लागला, म्हणाल्या, "मस्त हाय, जरा खारट मस्त." टेलर म्हणला, "केरल में समुंदर है ना, इसलिए." इरफानभाई तर नवराच, त्यानं सगळी वाटी एका दमात ढोसली आन् नुसताच छताकडं बघत बसला. सगळ्यांला वाटलं, भाभींच्या मुलखात अशीच पित असतील! भाभी वाढतच हुत्या, त्यांनी अजून खजुराबिगर तोंडात कायच घातलं नव्हतं. खूष होऊन त्यांनी दादींची वाटी परत काठोकाठ भरली.

दादींनी त्या वाटीत असं बघितलं, जसं माणूस हिरीत बघतं उडी मारायच्या आधी. आन् प्यायल्या!

"अम्मी, बास करा," चाची हळूच म्हणाली, "तुमचं बीपी. डॉक्टरनं मीठ बंद केलंय."

बीपी! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

तेवढ्यात सम्याच्या फुपी, म्हंजे आत्या, त्यांच्यानं राहवंना. "फसीला, तू घेऊन तर बघ गं." भाभींनी एक घोट घेतला. चेहरा पांढराफटक. झडप घालून दादींच्या हातातली वाटी काढली. "दादी, नको! नको! मीठ... मी साखर घातला, मीठ कसा..." आन् हुंदकाच फुटला. "मी नर्स. मी दादीला मीठ दिला."

फुपी म्हणाल्या, "डबं बघून घालावं. लक्ष कुठं असतं आजकालच्या पोरींचं!"

इरफानभाई मान खाली घालून बसला. भाभी डोळं पुसत म्हणाल्या, "माझा चूक. उद्या मी पुणे जाते." आन् उठल्याच.

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. काय करू? बोललो तर रोजा गेल्यालं कळतंय. न्हाई बोललो तर ही बाई जातीया. मंग डोकं चाललं! म्हणलं, अर्धंच सांगू. मला सगळी वात्रट म्हणून वळखत्यातच, खोडी केली म्हणलं की दोन कानफटात बसतील, भाभी सुटतील, आन् रोज्याची इज्जत बी ऱ्हाईल. लई हुशार ना मी?

"दादी," म्या हार सावरत म्हणलं, "मीठ म्या घातलं."

फुपींच्या हातातला गुलगुला खाली पडला. भाभी जाग्यावरच थांबल्या.

"खोडी केलीस?" दादींनी इचारलं.

बघा, दादींनी वाट आयतीच दाखवली हुती. निस्तं "व्हय" म्हणायचं. पण भाभी माझ्याकडं अशा बघत हुत्या की खोटं बोलवलंच न्हाई. "न्हाई वो! कांदा वर आन् खाली गोड, म्हणलं भाभींचा हात चुकला. तुमी खाणार न्हाई, मंग त्यांला वाईट वाटंल. म्हणून नीट करायला गेलो."

भाभी रडतारडता हसायला लागल्या. "ती गोडच असते रे! वर कांदा तुपात तळून. आमच्यात तसंच."

दादींनी भाभींचा हात धरून खाली बसवलं. "पुण्याला कुठं निघालीस? उद्या परत कर. मी दोन वाट्या खाईन. आन् बीपी मोजायचं ते मशीन आण तुझं, आत्ताच."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणलं, सुटलो! हळूच गुलगुल्याकडं हात नेला. तवा दादी माझ्याकडं वळल्या. आवाज एकदम गोड.

"संतोष बेटा, मिठाचं ऱ्हाऊ दे. कांजी गोड हाय, हे तुला कळलं कसं?"

सगळी सतरंजी माझ्याकडं बघाय लागली. सम्याचं तोंड उघडं ते उघडंच. म्या गळ्यातला हार काढला आन् दादींच्या पुढ्यात ठिवला.

"पिऊन, दादी. तीन पळ्या. पहिलीला शंका आली, दुसरीला खात्री झाली, आन् तिसरी... तिसरी भूक लागली हुती म्हणून."