तालमीच्या फळ्यावरचा ‘मी’

फळ्यावर लिहिलेलं दुसऱ्या दिवशी पुसावंच लागतं. पण ते वाचून लोक जे बोलतात, ते कुणी पुसत नाही. गेल्या वर्षभरात असं इतकं साठलंय, की माझ्यासारख्या न बोलणाऱ्या मुलीलाही ते कुणाला तरी सांगावंसं वाटतंय!

*

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तालीम आहे. तिच्या भिंतीवर बातम्यांचा फळा. तो लिहायचं काम माझ्या मामाकडे, कारण त्याचं सायकलचं दुकान तालमीला लागूनच आहे. पण मामाचं अक्षर असं, की एकदा त्यानं ‘उद्या सामना नाही’ लिहिलं, आणि समोरच्या शांताकाकूंनी ‘उद्या पाणी नाही’ वाचून घरातली सगळी पिंपं भरून ठेवली!

त्याच सुमारास शाळेत मराठीच्या बाईंनी सांगितलं, “रोज चार ओळी लिहायची सवय लावा.” मामाला हे कळलं.

“मग हितंच लिव की! मॅच, सिनेमा, तुला सगळं पाठ हाय. फक्त कुणाला सांगू नगंस. तालमीच्या फळ्याला पोरीनं हात लावलेला आबांना चालायचा न्हाय. बंदच करतील.”

आबा म्हणजे तालमीचे वस्ताद. त्यांच्यासमोर मोठमोठे पैलवानसुद्धा हळू बोलतात. फळाही पैलवानांच्याच उंचीला लावलेला. गल्ली जागी व्हायच्या आत, मामाच्या दुकानातल्या स्टुलावर चढून, मी लिहायला लागले.

*

क्रिकेटमध्ये भारत हरला, की दूध घालणारे दादूमामा फळ्यासमोर किटली आपटायचे. “सकाळी सकाळी ‘हरलो’ लिवतंय कोण? दिवस नासवला की!”

मला वाईट वाटलं. मग हरल्याच्या दिवशी मी सिनेमाची बातमी वर आणि मॅच अगदी खाली, बारीक अक्षरात लिहायला लागले. थोडे दिवस बरे गेले. एकदा दादूमामांनी लांबूनच आरोळी ठोकली,

“आज वर हिरोईन हाय रं! म्हणजे मॅच गेली!”

*

एका रात्री टीव्हीवरच्या मालिकेत लग्नाचा भाग होता आणि नेमकी आमच्या गल्लीची लाईट गेली. मी मावशीकडे गेलेले असल्यामुळे मला बघायला मिळाला. सकाळी लिहिलं, ‘लग्न मोडले. नायिका रडली.’

फळ्यासमोर पहिल्यांदाच बायकांची गर्दी झाली. शांताकाकू मामाला म्हणाल्या, “त्या लिवणाऱ्याला सांगा, रडली तर रडली, पण किती रडली ते न्हाय का लिवायचं?”

“सांगतो त्याला,” मामा माझ्याकडे न बघता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘परवा नायिका भरपूर रडली.’ काकूंचं समाधान झालं!

*

तरी ‘तो लिवणारा’ कोण, हे कुणाला कळेना. त्याचं कारण माझी भाषा. आमच्याकडे बायकासुद्धा ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असंच म्हणतात. आई म्हणते, आजी म्हणायची, मीही तेच बोलते. फळ्यावरही तेच उतरायचं, ‘काल मी मॅच बघायला गेलो.’

निबंधात मात्र बाई त्याच्याभोवती लाल गोल काढायच्या. “अगं, तू मुलगी आहेस ना? मग ‘गेले’ लिही!”

मी वहीत ‘गेले’ आणि फळ्यावर ‘गेलो’ लिहीत राहिले. एकदा आबा फळा वाचून मामाला म्हणाले, “पोरगं ग्वाड लिवतंय.” त्या दिवशी मी शाळेत डबा खायचाच विसरले.

*

आमच्याकडे तालमींचे फुटबॉलचे संघही असतात. आणि मग आमच्या तालमीच्या संघानं फायनल जिंकली. मामीबरोबर मीही स्टेडियमवर होते. सकाळी स्टुलावर चढून सगळा फळा भरून टाकला. हात थांबेचना.

दूध आणायला गेले, तर फळ्यासमोर सगळी तालीम उभी. आबा मोठ्यानं वाचत होते. “शेवटच्या मिनिटाला गोल झाला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्याने ओरड... ओरडले.”

आबा थांबले. बाईंचे लाल गोल कधी माझ्या हातात शिरले, मला कळलंच नव्हतं.

“ओरडले?” एक पैलवान म्हणाला. “आबा, ही तर पोरगी...”

मामा खाली मान घालून चांगल्या चाकात हवा भरायला लागला. मी किटली घेऊन त्याच्या मागे सरकले. आता फळा गेला, एवढंच मला कळत होतं.

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. पैलवानाकडे बघितलं.

“जा, हातोडी घेऊन ये. फळा हातभर खाली घ्यायचा हाय. रोज त्या डुगडुगणाऱ्या स्टुलावर चढतंय पोरगं. पडलं म्हणजे?”