केसरबाईंच्या गालातली जाळी

केसरबाईंचा सुनेवर पहिल्यापासून राग होता. तोंडात आग व्हायला लागली तेव्हा त्याला कारण मिळालं. गीता गुंटूरची मिरची घालते, मुद्दाम घालते, असं त्यांनी विद्यानगरच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. नांदेडहून स्वतःचं तिखट मागवलं, वेगळी भाजी शिजवली. आग थांबली नाही. मग पाठ वळली की गीता डब्यात मिरची मिसळते, असं ठरलं. डब्याला कुलूप लागलं.

आगीवर त्या मिसरी घासत. भाजलेल्या तंबाखूच्या त्या काळ्या पुडीनं तोंड घटकाभर बधिर होई.

पाच वर्षांपूर्वी मुलगा अमरदीप त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. गालात आतून पांढऱ्या रेघांची जाळी होती. आग या जाळीनंच होते, आजार जुनाट आहे, कॅन्सर नाही, पण थोड्या जणांना पुढे होतो. मिसरी सोडा, दर सहा महिन्यांनी दाखवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. केसरबाईंनी ‘कॅन्सर नाही’ एवढंच घरी आणलं. गीता तारखेची आठवण करून देई. तिचं ऐकायचं म्हणजे मिरचीचा आरोप मागे घ्यायचा. त्या गेल्या नाहीत.

यंदा डाव्या गालात जखम झाली. दोन महिने भरली नाही. एका दुपारी गीतानं नुसता दहीभात पुढे ठेवला, मीठसुद्धा न घालता. पहिल्याच घासाला केसरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता यात काय घातलं मी, आत्या?” गीताच्या आवाजात दया नव्हती.

“तुझा हात लागला ना. तेवढं बास.”

पण ताट सारताना त्यांची जीभ जखमेवर गेली. कडा दगडासारखी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच अमरदीपला रजा टाकायला लावली.

दवाखान्यात जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. गालाचा मोठा भाग आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, सर्जन म्हणाले. नंतर काही आठवडे नाकातल्या नळीनं खाणं. घरी नळीनं कोण भरवणार, असं सर्जननी विचारलं. अमरदीपनं गीताकडे बघितलं.

“मी,” गीता म्हणाली.

“ही नक्को.”

“दुसरं कोण आहे?” गीतानं विचारलं.

केसरबाई सर्जनकडे वळल्या.

“नळीत काय घालायचं ते कागदावर लिहून द्या,” त्या म्हणाल्या. “आणि हिला माझ्यासमोर वाचायला लावा.”

इंग्रजीतला कागद गीता मराठीत वाचत गेली. दूध. डाळीचं पाणी. गाळलेली पेज. केसरबाईंनी तो दोनदा वाचायला लावला. मग ऑपरेशनच्या कागदावर सही केली.