झटक्याची आणि दमाची

आमच्या छोट्या विमानतळावर सगळे ज्यांना भाऊजी म्हणतात, ते खरे फक्त माझेच भाऊजी, ताईचे यजमान. मी इथे रेडिओच्या खोलीत बसतो. माझी हाक ऐकून ऐकून वैमानिकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना भाऊजी करून टाकलं. मला ते अजिबात पसंत नाही, पण विचारतो कोण!

भाऊजी बॅटऱ्या सांभाळतात. हँगरच्या मागे त्यांची खोली. खिडकीला जाळी, आम्लाचा नाकात जाणारा वास, आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांतल्या बुडबुड्यांची बारीक कुजबुज. त्या कुजबुजीत भाऊजी जागे असतात की झोपलेले, हे देवालाच ठाऊक. ‘हे कायम ढगात,’ ताई म्हणते, ‘आणि विमानात बसा म्हटलं की पाय लटपटतात.’

बॅटऱ्या दोन प्रकारच्या, नावं भाऊजींनी ठेवलेली. आत पातळ पत्रे असलेली ती झटक्याची. थंड इंजिनसुद्धा एका दणक्यात फिरवते, पण सावकाश पिळत राहिलं की मान टाकते. जाड पत्र्यांची ती दमाची. दिवे, रेडिओ कितीतरी वेळ चालवते, पण इंजिन फिरवायचं म्हटलं की तिचं अंग जड. भाऊजी माणसंही याच मापानं मोजतात. ताई दमाची. मी म्हणे अजून चार्जच झालेलो नाही. आणि त्यांची लेक, पाळण्यातून उडी मारायला निघालेली, ती झटक्याची.

तीच लेक मोठी होऊन विमान चालवायला शिकली. डोंगरापलीकडच्या धावपट्टीवर एकटीनं जाऊन यायचं ठरलं आणि नेमकी तिच्या विमानाची बॅटरी म्हातारी झाली. त्या विमानाला दोन्ही चालत होत्या. निवड भाऊजींची.

दिवसभर ते दोन्हींसमोर बसून राहिले. एकदा सुरू झालेल्या इंजिनला बॅटरी लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. पण हवेत जनरेटर गेला तर रेडिओ बॅटरीवरच. झटक्याची लवकर संपेल आणि लेकीचा आवाज बंद होईल. त्यांनी दमाची बसवली.

सकाळी धुकं होतं. लेकीनं चावी फिरवली. पंखा जरासा फिरला, कण्हला, थांबला. ती खाली उतरली.

‘बाबा, तिकडे अशीच अडले तर?’

‘रेडिओ जास्त वेळ चालेल गं.’

‘ही माझ्यासाठी बसवलीस की तुझ्यासाठी?’

भाऊजींनी पाना घेतला आणि दमाची काढून झटक्याची बसवली. या वेळी पंखा असा फिरला की धुकं बाजूला झालं.

ती पोचली, परत निघाली. डोंगरावरून आवाज आला, ‘मामा, जनरेटर गेला. इंजिन छान चाललंय. उतरताना रेडिओ लागेल, म्हणून आता विजेचं सगळं बंद करते.’ मग नुसती खरखर.

भाऊजी येऊन माझ्या शेजारी बसले. ‘तिला गप्प राहता येत नाही हो,’ ते म्हणाले. ‘सारखा रेडिओ लावेल आणि ऐनवेळी बॅटरी संपवेल.’

खिडकीबाहेर धुकं विरून ऊन पसरलं होतं. धावपट्टीवरचं गवत वाऱ्यानं एका बाजूला कलायचं, परत उभं राहायचं. त्या खरखरीत मला वाटू लागलं, आमची खोलीच जमिनीवरून सुटली आहे आणि आम्ही दोघं पोरीला शोधत कुठेतरी तरंगत आहोत. चहा निवला. भाऊजींनी स्पीकरवर तळहात ठेवला होता, तापलेलं कपाळ बघावं तसा. मला फार भीती वाटत होती, आणि बोलायची सोय नव्हती.

मग खरखर फुटली.

‘मामा, धावपट्टी दिसतेय. बाबा आहे ना तिथे? त्याला सांग, दमाची विमानातच होती, चालवणाऱ्याच्या जागेवर.’

भाऊजींचे डोळे वाहू लागले. मी माइक त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो हळूच मागे सारला.

‘नको,’ ते म्हणाले, ‘उगीच तिची बॅटरी जाईल.’