झोपलेला अंगठा

जपानातल्या बेप्पू गावच्या डोंगरउतारावर, जिथे गटारांच्या जाळ्यांतूनही वाफ येते, तिथल्या एका जुन्या सरायीत हात्सुए एकतीस वर्षं मालीश करत होती. जन्मापासून आंधळी. अंधशाळेत मालीशचा परवाना मिळवला आणि तेव्हापासून झऱ्याच्या गरम पाण्यात डुंबून आलेल्या पाहुण्यांच्या पाठी हेच तिचं जग. पाहुणा पालथा पडायचा, ती अंगठ्याने मणक्याच्या कडेकडेने गाठ शोधायची आणि चाळीस मिनिटं खोलीत अवाक्षर निघायचं नाही.

गेल्या थंडीत तिच्या उजव्या अंगठ्याला मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. पुढे तर अंगठा जागेवर आहे की नाही तेच कळेना. गाठ सापडेना. ती अंदाजाने दाबायची आणि पाहुण्याच्या श्वासाकडे कान लावून बसायची. हा सुस्कारा बरं वाटल्याचा की कंटाळल्याचा? कुणाजवळ बोलली नाही. साठीला टेकलेल्या आंधळ्या बाईला अंगठ्याशिवाय कोण ठेवणार?

जूनमध्ये सरायीची मालकीण कानाए स्वतः तिच्या खोलीत आली, तेव्हा हात्सुएने उजवा अंगठा मुठीत लपवला.

"हात्सुएताई, आपण दोघींनी थायलंडला जायचं. चिआंग माईला, चार दिवस."

"मी? मी काय बघणार तिथे?"

"बघायला मी आहे. तुम्ही अंगावर घ्यायचं. आपले निम्मे पाहुणे हल्ली तिकडे पळतात. ते लोक असं काय देतात, ते तुमच्या पाठीलाच कळेल."

विमानात हात्सुएचा डोळा लागला नाही. सरायीत तिची पावलं मोजलेली होती : खोलीपासून जिना अठरा, जिन्यापासून न्हाणीघर बेचाळीस. चिआंग माईला उतरल्यावर काही म्हणजे काही मोजता येईना. ओलसर उकाडा, चहूकडून मोटरसायकली, तळणीचा वास. ती मालकिणीचं कोपर घट्ट धरून चालत होती आणि मनात एकच घोळत होतं, ही माझ्या जागेवर बसवायला कुणाला तरी शोधतेय.

मालीशघर अंध कारागिरांचंच होतं. एका दालनात आठ गाद्या ओळीने. रेडिओ चालू, बायका एकमेकींशी बोलतायत, कुणीतरी खातंय सुद्धा. आराम असा गर्दीत घेतात? हात्सुएला कुठे तोंड लपवावं ते समजेना. तिच्या वाट्याला पिकुल नावाची बाई आली, भरड आवाजाची. तिने हात्सुएचा पाय धरला, स्वतःचा पाय तिच्या मांडीवर रोवला आणि धरलेला पाय ओढला.

"अगं आई गं! मोडली मी!"

सगळं दालन हसलं. पिकुल काहीतरी बोलली. कानाएने भाषांतरासाठी फोन पुढे धरला. फोन गंभीरपणे म्हणाला, "ताई, तुम्ही वाळलेलं लाकूड आहात."

हात्सुएलाही हसू आलं. पण पिकुल पायांवरून पाठीवर, पाठीवरून हातांवर आली आणि उजव्या अंगठ्यापाशी थबकली. दाबलं. पुन्हा दाबलं. मग हळू आवाजात एक प्रश्न.

फोन म्हणाला, "हा अंगठा झोपला आहे. किती दिवस झाले?"

हात्सुएने हात मागे घेऊ पाहिला. खोटं बोलावं, तर दोन्ही बाजूंनी ऐकणारे कान.

"सहा महिने," ती म्हणाली.

"सहा महिने!" कानाएचा आवाज चढला. "आणि मी रोज पाहुणे पाठवत राहिले तुमच्याकडे?" तिची पावलं तरातरा दाराबाहेर गेली. फोनही गेला.

आता दोघींत भाषा उरली नाही. पिकुलने हात्सुएचा हात ओढून आपल्या अंगठ्यावर ठेवला. सांधा सुजून दगड झाला होता, वाकतच नव्हता. मग तिने तो हात आपल्या कोपराकडे नेला, स्वतः पालथी पडली आणि हात्सुएचं कोपर आपल्या पाठीवर टेकवून घेतलं. चुकलं की "उहूं!" बरोबर पडलं की "आऽऽ!" कोपराने गाठ अंगठ्याइतकी नेमकी लागत नव्हती. पण लागत होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारात पावलं थांबल्याचं हात्सुएला कळलं.

"मी इथे शिकलेली एखादी मुलगी हेरायला आले होते," कानाए म्हणाली. "तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही." ती आत येऊन गादीपाशी बसली. "घरी गेलो की आधी डॉक्टर. आता तरी काही लपवू नका."

बेप्पूला परतल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली नस दबली होती. शस्त्रक्रिया झाली, अंगठ्याला थोडीशी जाग आली, पुरती नाही. शरद ऋतूत फुकुओकाहून थाई मालीश शिकलेली रिओ नावाची मुलगी कामावर आलीच. हात्सुएकडे दिवसाला दोनच पाहुणे उरले. रिओच्या खोलीतून हसणं ऐकू आलं की तिला अजून टोचतं.

परवा एक ट्रक चालवणारी बाई तिच्याकडे आली. हात्सुएने कोपर टेकवलं आणि एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. काम करता करता बोलली.

"जोर बरा आहे?"

उत्तर येईपर्यंत तिने कोपर तिथेच टेकवून ठेवलं.

"जरा खाली," बाई म्हणाली. "अजून. हां, तिथेच."