हाराची चूक

शेलूबाजारचा फ्रेमवाला तोंडात चुका धरून बोलतो. चुका म्हणजे बारीक खिळे. त्या त्याच्या तोंडात असतात, बाकीच्या माझ्या हातून होतात.

कोकणात समुद्र बघायला गेलो, तर ओहोटी लागलेली आणि वर धुकं. मोबाइलचं कोणतं बटण दाबलं गेलं कोण जाणे, फोटोही काळा-पांढरा आला. ‘कला आहे,’ असं ठासून सांगून तो मी साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, नव्या घराच्या वास्तुशांतीत भेट म्हणून द्यायचं ठरवलं.

फ्रेमवाल्याकडे काळे-पांढरे फोटो गेलेल्या माणसांचेच येतात. माझा फोटो हातात घेताच त्याने आवाज खाली आणला.

“कवा गेले, भाऊ?”

“कोन?”

“फोटोतले.”

“मानूस नाही बाप्पा त्याच्यात! पानी गेलं.”

संध्याकाळी पाहतो तर फ्रेमच्या माथ्यावर हार अडकवायची चूक ठोकलेली!

“हे काहून ठोकलं? वास्तूले हे नेलं, तं साळा मले दारातूनच वापस पाठवीन!”

“आदत हाय न, भाऊ.” त्याने फोटोतल्या धुक्यात निरखून पाहिलं. “पन गेलेलं पानी वापस येते का?”

“रोज येते.”

त्याने पक्कड घेऊन चूक अलगद उपटली.

“मंग कायले हार?” म्हणाला, आणि तोंडातल्या सगळ्या चुका तळहातावर काढून पहिल्यांदाच मोकळा हसला.