वाळत घातलेला राजमा-चावल

आमच्या घरात कुठलीही वस्तू पाकिटात राहत नाही.

पाकीट घरात आलं की आई कात्री घेऊनच येते. रवा, पोहे, शेंगदाणे, काय असेल ते परातीत ओतायचं, गच्चीवर नेऊन ऊन दाखवायचं आणि स्टीलच्या डब्यात भरायचं. "पाकिटात किडे होतात," असं तिचं मत आहे. (मत कसलं, कायदाच तो!) रत्नागिरी सोडून नेरूळच्या फ्लॅटात येऊन तिला जमाना झाला, पण हा कायदा काही बदलला नाही. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही पुढचं रामायण माझ्या हातून घडलं.

त्याची सुरुवात आमच्या सौभाग्यवतींनी केली. दिवाळीचा फराळ चालू होता. सुलभा चकल्या तळत होती आणि मी बाल्कनीत बसून धरणाकाठच्या तंबूची स्वप्नं बघत होतो. भाऊबीज झाली की चौघांनी गाडी काढायची, घाट चढायचा, पाण्याकाठी मुक्काम. तंबू मिळणार होते, जेवणाचं मात्र आपलं आपण बघायचं होतं.

"जेवणाचं काय?" मी सहज विचारलं.

झारा कढईत तसाच ठेवून ती बाहेर आली. "अहो, आजवर जिथे गेलो तिथे मी पहाटे उठून पुऱ्या लाटल्यात. महाबळेश्वरला मी काय बघितलं, सांगू? डब्यांची झाकणं! यावेळी मी पातेल्याला हात लावणार नाही. मला नुसतं बसायचंय. पाण्याकडे बघत. जमणार असेल तर येते, नाहीतर तुम्ही जा."

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो. आणि खरं सांगतो, मला वाईटही वाटलं. आमच्या प्रत्येक सहलीच्या फोटोत ती कुणाला तरी वाढताना आहे.

"जमवतो," मी म्हटलं.

उपाय आमच्या कन्येने, केतकीने, सुचवला. "बाबा, फ्रीझ-ड्राइड जेवण घ्या. गरम पाणी ओतायचं, थोडं थांबायचं, खायचं. ट्रेकिंगवाले तेच नेतात."

मी ताबडतोब त्या विषयात बुडालो. ऑफिसात, जेवताना, अंघोळीला बसल्यावर, डोळ्यांपुढे पाकिटंच! तंबूसमोर आपण पाकिटात पाणी ओततोय, वाफ वर चाललीय, वाफेपलीकडे सुलभा, तिच्या मागे डोंगर निळे होत चाललेत... "अहो, नळ चालू आहे!" असं बाहेरून कुणीतरी ओरडेपर्यंत मी तिथेच असायचो.

आधी नमुने मागवले. दाल खिचडी, राजमा-चावल, बिर्याणी, पोहे, शेवयांची खीर. डायनिंग टेबलावर पाणी उकळून मी चव बघण्याचा सोहळाच मांडला.

"हे करतात कसं?" आईने विचारलं.

"शिजवलेल्या जेवणाचा बर्फ करतात, आजी," केतकी म्हणाली. "मग त्यातलं सगळं पाणी उडवून टाकतात. खाताना आपण परत पाणी घालायचं."

"पाणी घालून शिजवायचं, पाणी काढायचं आणि परत पाणी घालायचं? कामं नाहीत का मेल्यांना दुसरी?" आईने एक कोरडा दाणा बोटांत धरून बघितला. "म्हणजे हे वाळवणच झालं की!"

"अगदी बरोबर बोललीस, आई!" मी टाळी वाजवून म्हटलं. "वाळवणच!"

(या एका वाक्याबद्दल मला आजही घरात पाणी विचारत नाहीत.)

निवड करणं सोपं नव्हतं. खिचडीला फोडणी नाही, पोह्यांवर खोबरं नाही, बिर्याणीला बिर्याणी का म्हणायचं तेच कळत नाही, असे आईचे निकाल. केतकीला राजमा पसंत. मी सगळ्यांकडे तंबूसमोरच्या नजरेने बघत होतो, त्यामुळे मला सगळंच अमृत लागत होतं. सुलभा मात्र दाल खिचडीचा एक घास घेऊन डोळे मिटून बसली होती.

"कशी आहे?" मी विचारलं.

"ठीक आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "पण मी नाही ना केलेली! चांगलीच लागणार."

झालं, सगळे प्रकार घ्यायचे ठरले. मोठं खोकं घरी आलं आणि मी ते मोठ्या अभिमानाने स्वयंपाकघरात ठेवलं. (दुसरीकडे कुठेही ठेवता आलं असतं. गाडीत, पलंगाखाली, शेजाऱ्यांकडे!)

भाऊबीजेला सुलभा आणि केतकी ठाण्याला गेल्या, सुलभाच्या भावाकडे. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसलो. दूरवर खाडीचं पाणी उन्हात लकाकत होतं, वारा पडलेला, आणि मी मनाने केव्हाच घाट चढलो होतो.

"नंदू, त्या खोक्यातल्याला ऊन दाखवू का रे?" आतून आई.

"हूं."

"दाखवू ना?"

"दाखव, दाखव." मी तेव्हा तंबूची खुंटी ठोकत होतो.

थोड्या वेळाने आईने दोन पराती माझ्या हातात दिल्या, वर तिचं जुनं सुती पातळ झाकलेलं. "गच्चीवर पसर. आणि तिथेच बस, कबुतरं मेली फार झालीत."

लहानपणापासून वाळवणाची राखण माझ्याकडे. सवयीने गेलो, चटई टाकली, पसरलं, हातात काठी घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. समोर पांढरं, लालसर, पिवळं असं काहीतरी उन्हात पडलेलं. मी त्याच्या पलीकडे बघत होतो. उद्या या वेळी... सुलभा पाण्यात पाय सोडून बसलेली असेल... मी म्हणेन, राणीसरकार, बिर्याणी की राजमा?

"काय रं नंदू, काय वालत घातलंस?" वरच्या मजल्यावरचे पाटीलकाका गच्चीवर आले. मूळचे शेजारच्या सारसोळे गावचे, आता तीन बिल्डिंगांचे मालक.

"आईचं आहे काहीतरी, काका. सांडगे असतील."

काकांनी एक दाणा तोंडात टाकला. चघळला. विचार केला. "राजम्यावानी लागतंय रं. पन हलका हाय, कापसासारका."

"आईच्या हातचं कधी कशासारखं लागेल, सांगता येत नाही," मी म्हणालो आणि एका कबुतराला काठी उगारून हाकललं. ते कबुतर तेवढं शहाणं होतं. ते पुन्हा फिरकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. डिकीत एक भलामोठा स्टीलचा डबा होता. मला वाटलं, चिवडा. खोकंही दिसत होतं, चांगलं चिकटपट्टी लावून बंद केलेलं. सगळं आलं, म्हणून मी निश्चिंत!

संध्याकाळी धरणाकाठी पोचलो. अगदी मनातलं चित्र! पाणी हलत नव्हतं, डोंगर एकामागे एक फिके होत गेलेले, कुठेतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा. सुलभा काठावर जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर. मी चूल पेटवली, पाणी उकळलं आणि ऐटीत खोकं उघडलं. आत आईच्या शाली आणि उशी.

"आई! पाकिटं?"

"पाकिटं टाकली. सगळं डब्यात भरलंय. तूच म्हणालास ना, ऊन दाखव? राखणीला पण तूच बसलास!"

मी धावत जाऊन डिकीतला तो स्टीलचा डबा आणला. डब्याचं झाकण उघडलं. राजमा, बिर्याणी, खिचडी, पोहे आणि खीर, सगळं गुण्यागोविंदाने एकत्र! खाडीच्या दमट हवेने ते पार मऊ, चिकट झालेलं.

"एका डब्यात का भरलंस?"

"सगळं वाळवणच ना? आणि आत पुड्या होत्या, त्यावर लिहिलेलं, खाऊ नका. खायच्या नाहीत तर घालतात कशाला? फेकल्या." (ओल शोषून घेणाऱ्या पुड्या त्या!)

तरीही मी एका ताटलीत गरम पाणी ओतून बघितलं. केतकीने चमचा बुडवला, वर काढला. राजम्यावर शेवया लोंबत होत्या.

"बाबा, बिर्याणीत बेदाणे असतात," ती हळूच म्हणाली. "खीर नसते."

तेवढ्यात काठावरून सुलभा उठली. न चिडता पदर खोचत आली. "सरका. तंबूवाल्यांकडे तांदूळ असतील. मी टाकते काहीतरी."

तो खोचलेला पदर बघितला आणि मला महाबळेश्वरची झाकणं आठवली. सगळी सहल त्या पदरात चालली होती!

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की झाडावरचे बगळे उडाले. "तू बस. मी करतो."

"तुम्हाला येतं?"

"व्हिडिओ बघितलेत!" (तिथे रेंज नव्हती.)

तंबूवाल्यांच्या घरून तांदूळ, मूगडाळ, पातेलं, हळद-मीठ आणलं आणि मी आयुष्यातली पहिली खिचडी चढवली. अंधारून आलं होतं. टॉर्च तोंडात, पळी एका हातात, दुसऱ्या हाताने धूर हाकलतोय. आई खुर्चीवरून ओरडतेय, "ढवळ! अरे, ढवळ! किती ढवळशील?" पातेलं उतू गेलं, चूल विझली, मी पोटावर आडवा होऊन फुंकर मारली आणि तोंडातला टॉर्च खिचडीत पडला. काढला. (तो पेटलेलाच होता. पातेलं आतून उजळलं होतं, देखावा सुंदर होता.)

मधूनच मी काठाकडे बघत होतो. सुलभा बसलेली, चेहऱ्यावर मंद हसू. वर चांदण्या, खाली चांदण्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, अर्धं धुराचं, अर्धं खरोखरीचं. वाटलं, जिंकलो! बायको पाण्याकडे बघत बसलीय.

वरून कच्ची आणि खालून करपलेली खिचडी तिने सगळी खाल्ली. परत घेतली.

"पुढच्या वर्षी पण येऊ," ती म्हणाली. "पण ती पाकिटं नकोत हं."

माझी छाती फुगली. "एवढी आवडली खिचडी?"

"खिचडी कसली डोंबलाची! पण करमणूक काय झाली हो! मी मघापासून पाण्याकडे पाठ करूनच बसलेय."