गिऱ्हाइकाचा सोफा

माझे भावोजी जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवतात. गावातली निम्मी बडी मंडळी ऐसपैस बसतात ती त्यांच्या कृपेने. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एक खाट आणि एक लंगडी खुर्ची. त्या खुर्चीकडे बघायला त्यांना कधी सवड झाली नाही.

भाचीला विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा घरात आनंदीआनंद झाला आणि फीचा आकडा कळल्यावर तो ओसरला. फी वेगळी, वसतिगृह वेगळं. बँकेला तारण हवं होतं आणि घरात तारण ठेवण्यासारखं काही असेल तर शिलाई मशीन. शेवटी भाचीनेच एक संस्था शोधून काढली. गरजू मुलांची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च ती उचलायची. अट एकच, संस्थेच्या बाई घरी येऊन परिस्थिती डोळ्यांनी पाहणार.

झालं! घरी पाहुणे येणार म्हटल्यावर भावोजींच्या अंगात संचारलं. लंगडी खुर्ची त्यांनी माळ्यावर टाकली आणि दुकानात तयार होऊन पडलेला एका वकिलाचा हिरवा मखमली सोफा हातगाडीवर घालून घरी आणला.

मी म्हटलं, "भावोजी, त्या बाई गरिबी बघायला येतायत."

माझ्यावरच खेकसले, "म्हणून काय पाहुण्यांना खाटेवर बसवू?"

या माणसापुढे डोकंफोड करण्यात अर्थ नसतो, हे मला ताईच्या लग्नाच्या मांडवातच कळलं होतं.

बाई आल्या, सोफ्यावर बसल्या आणि खूश झाल्या. मखमलीवरून हात फिरवत म्हणाल्या, "काम फार सुबक आहे हो."

"माझ्याच हातचं आहे," भावोजी फुलून म्हणाले. "पण हा सोफा..." असं भाची म्हणते न म्हणते तोच त्यांनी तिला पाणी आणायला पिटाळलं.

काही दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं. घरची परिस्थिती समाधानकारक असल्याने मदत देता येत नाही. खाली बाईंनी आपुलकीने विचारलं होतं, आमच्या सभागृहातल्या खुर्च्यांना नवं कापड चढवून द्याल का?

भाचीने बोलणंच टाकलं. मलाही भावोजींचा संताप आला होता, पण तोंड पाडून त्याच संस्थेच्या खुर्च्या शिवत बसलेले दिसले तेव्हा वाईटही वाटलं. महिनाभर राबले. मजुरीत फी आणि वसतिगृह दोन्ही भागेल असा ताईचा हिशेब होता. प्रत्यक्षात फीपुरतेच पैसे हातात आले.

"बाकीचे कुठे गेले?" ताईने विचारलं.

"थोडी सवलत दिली."

"कशाबद्दल?"

"अगं, गरजू मुलांसाठी काम करते ती संस्था. त्यांच्याकडून पुरते पैसे कसे घ्यायचे?"

भाची पिशवी भरत होती. वसतिगृहाऐवजी ती आता विद्यापीठाच्या शहरातल्या माझ्या घरी, स्वयंपाकघरात अंथरूण घालणार होती. तिने विचारलं, "मग मी कोण होते, बाबा?"

भावोजी माळ्यावरून लंगडी खुर्ची काढून ती पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. येऊ देत बाईंना. या खुर्चीवर बसवतो."

आतून ताई म्हणाली, "आणि तिचा पाय दुरुस्त करायचा नाही."